तीन रिपोर्ट आले की कमेंट गायब, हा नियम ठेवावा काय?

निपाणीकडच्या एका भावांनी प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचा ऊसवाल्यांचा चर्चामंच आहे, चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यातले तीन हजारांवर सदस्य, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. प्रत्येक कमेंटखाली अंगठा वर, अंगठा खाली आणि रिपोर्ट अशी तीन बटणं. तीन जणांनी रिपोर्ट केलं की कमेंट आपोआप लपते. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून काटामारीबद्दल (म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवल्याबद्दल) किंवा ऊसतोडीला मागितलेल्या वरच्या पैशाबद्दल कुणी लिहिलं की अर्ध्या तासात ती कमेंट दिसेनाशी होते. त्यांचा प्रश्न असा, "तीनाचे दहा करू काय, की रिपोर्टचं बटणच काढून टाकू?"

भाऊ, मी बेळगावला शहापुरात राहते आणि अकरा वर्षं झाली, भात-बटाटा-भाजीपाला करणाऱ्यांचा एक मंच सांभाळतेय. आधी एकटीच होते, आता आम्ही पाच जण आहोत, त्यातले दोघे कन्नड. तुमचा नियम आमच्याकडं पण होता, फक्त तीनाच्या जागी पाच. तो मी का काढला ते सांगते, कारण माझ्या मते तुमची अडचण तीन की दहा ही नाहीच. दहा केलं तर कारखान्याच्या बाजूची पोरं दहा जण गोळा करतील, व्हॉट्सॲपवर एक लिंक टाकली की झालं. आणि बटण काढलं तर उद्या कुणी कुणाच्या बायकोबद्दल घाण लिहिलं तर ते तुम्हाला कळणार कसं?

खरी अडचण अशी आहे की दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकाच बटणावर टाकलेत. "ही कमेंट मला उपयोगाची वाटली काय?" हा एक प्रश्न, आणि "ही कमेंट नियम मोडते काय?" हा दुसरा. पहिल्याला मत द्यायचं असतं, तिथं जितकी जास्त माणसं तितकं चांगलं. दुसऱ्याला मत द्यायचं नसतंच, तिथं फक्त कुणीतरी हाक मारायची असते, "इकडं या, हे बघा," आणि मग बघणाऱ्यानं वाचून ठरवायचं. हाक एकानं मारली काय आणि पन्नासांनी मारली काय, कमेंटमध्ये शिवी असेल तर आहे, नसेल तर नाही. तुमच्याकडं (आणि आधी आमच्याकडं) हाकांचीच मतमोजणी होऊन निकाल लागत होता.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच बोलते. तुमचे सदस्य खऱ्या नावानं असतात की टोपणनावानं, वाचायला रोज किती माणसं बसू शकतात, रात्री अकरानंतर कुणी जागं असतं काय, मंच ज्या सॉफ्टवेअरवर आहे त्यात काय काय बदलता येतं, यावर बरंच ठरतं. दोनशे जणांचा, सगळे एकमेकांना तोंडानं ओळखणारे असा मंच असेल तर यातलं निम्मं लागत पण नाही, फोन करून सांगितलं की काम होतं. तुमच्यासारखा तीन हजारांचा आणि दोन भाषांचा असेल तर मात्र लागतं.

आमचा नियम बदलला तो एका बटाट्याच्या कमेंटमुळं. जून महिना, लावणीचे दिवस. खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, अर्धं मराठी अर्धं कन्नड, जसं आपल्याकडं बोलतात तसंच, की अमुक दुकानातनं बियाण्याचा बटाटा आणला, पोती उघडली तर तळातला माल चिकट, कापला की आत काळपट, लावला त्यातला निम्मा उगवलाच नाही, कुजला. सोबत फोटो, कापलेल्या फोडीचा, आणि फोटोत त्यांचा अंगठा मातीनं भरलेला. कमेंट आली दुपारी, आणि पंचवीस मिनिटांत पाच रिपोर्ट, कारण म्हणून "चुकीची माहिती" निवडलेलं. कमेंट लपली. मी त्या दिवशी खडेबाजारात खरेदीला गेले होते, संध्याकाळी घरी येऊन बघितलं तर पाचातली चार खाती त्याच आठवड्यात उघडलेली. कमेंट परत लावली, पण तोपर्यंत तो थ्रेड खाली गेला होता, कुणी वाचला नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत तीच तक्रार आणखी लोकांनी लिहिली, तोच माल, तेच दुकान. ज्यांनी त्या दुपारपर्यंत लावण केली नव्हती त्यांचं तरी बियाणं आणि मजुरी वाचली असती. मी त्या बाईंना फोन केला, त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय शिवी दिली काय ओ? खरं हाय तेच लिवलं की." त्यानंतर त्यांनी आमच्याकडं परत कधी लिहिलं नाही. ते मला अजून लागतं.

त्या आठवड्यात आम्ही ठरवलं की आकड्यावर कुठलीच कमेंट लपणार नाही, एक अपवाद सोडून. अपवाद म्हणजे उघड जाहिरात, लॉटरी, कर्ज देतो, असलं सगळं. यात आम्ही स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामर लोकांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरनं धडा घेतला. तिथं एखाद्या पोस्टला स्पॅम किंवा शिवीगाळ म्हणून ठरावीक फ्लॅग, म्हणजे रिपोर्ट, पडले की ती आपोआप उडते आणि लिहिणाऱ्याचे १०० गुण जातात. पण "मला पटत नाही", "उत्तर चुकलंय" यासाठी तिथं फ्लॅग वापरायचा नसतो, त्याला डाउनव्होट, म्हणजे खालचं मत, आहे. म्हणजे आपोआप उडवायचं ते फक्त अशा गोष्टीला, जी वाचल्याबरोबर कुणालाही सारखीच दिसते. "पाच मिनिटांत पर्सनल लोन" ही जाहिरात आहे याबद्दल मराठी माणसाचं आणि कन्नड माणसाचं, कारखान्याच्या आणि शेतकऱ्याच्या माणसाचं मत वेगळं पडत नाही. काटामारीबद्दल पडतं. जिथं मत पडतं तिथं आकड्यानं उडवायचं नाही, हीच आमची कसोटी.

दुसरं काम केलं ते रिपोर्टच्या यादीचं, आणि याचा जेवढा फायदा झाला तेवढा बाकी कशाचा झाला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी आमच्याकडं तीन कारणं होती, "आक्षेपार्ह", "चुकीची माहिती", "इतर". यातलं "आक्षेपार्ह" म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही, ज्याला राग आला त्याच्यासाठी सगळंच आक्षेपार्ह. आता यादी अशी आहे: शिवी दिलीय किंवा जात, धर्म, भाषा काढलीय. मारायची धमकी आहे. कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता, सर्व्हे नंबर उघडा केलाय. जाहिरात आहे. आणि शेवटचं, "मला हे पटत नाही." हे शेवटचं दाबलं की आमच्याकडं काहीच येत नाही, त्या माणसासमोर उत्तराची चौकट उघडते आणि वर लिहिलेलं असतं, "तुमचं म्हणणं लिहा, सगळे वाचतील." पहिल्या महिन्यापासून बरीच मंडळी तिथंच वळायला लागली. रागानं बटण दाबायला आलेला माणूस दोन ओळी लिहून जातो, आणि त्या दोन ओळींत कधीकधी खरंच कामाचं असतं. एका दुकानदाराच्या भावानं असंच येऊन लिहिलं की माल कोल्ड स्टोरेजमधून काढल्यावर लगेच कापू नका, आधी सावलीत पसरून ठेवा, ओलाव्यात कापला की सडतो. त्याचं पण खरं होतं. रिपोर्ट करून तो गेला असता तर ते कुणाला कळलं नसतं.

"चुकीची माहिती" हे कारण आम्ही पूर्ण काढलं. काटा मारला की नाही हे मी घरात बसून ठरवू शकत नाही, तुम्ही पण नाही. ते वजनमाप खात्याचं काम. आम्ही ठरवू शकतो ते एवढंच की लिहिणाऱ्यानं स्वतःचा अनुभव लिहिलाय की ऐकीव. म्हणून नियम असा की आरोप करायचा असेल तर तारीख लिहा, गाडी कुठल्या दिवशी गेली ते लिहा, वजनाची पावती असेल तर नंबर झाकून फोटो टाका, "चोर" "लुटारू" हे शब्द वापरू नका. "माझ्या गाडीचं बाहेरच्या काट्यावर इतकं आणि आत इतकं भरलं" असं लिहिलेली कमेंट आमच्याकडं कितीही रिपोर्ट आले तरी राहते. "सगळे कारखानदार चोर" ही एका रिपोर्टवर जाते, आणि लिहिणाऱ्याला निरोप जातो की अनुभव म्हणून परत लिहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसला टनाला ३,५०० रुपयांसाठी उसाचं आंदोलन चाललं होतं तेव्हा आमच्यासारख्या भाजीपाल्याच्या मंचावर सुद्धा दिवसरात्र तेच चाललेलं, आणि या एका नियमानं आम्हाला तारलं, कारण काय काढायचं आणि काय ठेवायचं यावर आमच्या आमच्यात भांडण झालं नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भागापुरती, पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही भाषा येणारा माणूस वाचायला असलाच पाहिजे. एक उदाहरण देते. येळ्ळूरकडच्या एका मामांनी बाजारभावाबद्दल काहीतरी विचारताना लिहिलं, "मंग तुमी सांगा की." साधं वाक्य. त्यावर सात रिपोर्ट आले, सगळे कन्नड सदस्यांचे, कारण "शिवी." आमच्यातल्या मराठी मॉडरेटरला (मंच सांभाळणाऱ्याला) कळेचना शिवी कुठाय. कन्नड येणाऱ्यानं बघितलं आणि लगेच सांगितलं, कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड. वाचणाऱ्यांना वाटलं होतं की मामा त्यांना माकड म्हणतायत. आम्ही मामांची कमेंट ठेवली, खाली दोन्ही भाषांत एक ओळ लिहिली की इथं मंग म्हणजे "मग", आणि सात जणांना वेगवेगळा निरोप पाठवला. त्यातल्या चौघांनी "सरी, तिळीतु" म्हणजे "बरं, कळलं" असं उत्तर पण दिलं. आकड्याचा नियम असता तर मामांची कमेंट गेली असती, मामा म्हणाले असते कन्नडवाल्यांनी उडवली, आणि ते सात जण म्हणाले असते मराठीवाले शिव्या देतात. दोघांच्याही मनात काही नव्हतं. मला भीती वाटते ती याचीच, की आपल्याकडं मशीननं केलेली साधी चूक सुद्धा भाषेच्या खात्यावर जमा होते आणि तिथनं ती निघत नाही.

रिपोर्ट करणाऱ्याला उत्तर द्यायचंच. बरेच ॲडमिन हे करत नाहीत. "तुमचा रिपोर्ट बघितला, कमेंट ठेवली, कारण यात शिवी नाही, मत आहे," एवढं एक वाक्य पुरतं. उत्तर नाही मिळालं की माणूस समजतो की बटण चालत नाही, मग मित्रांना बोलावतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असं आहे, आमचा मंच छोटा आहे तरी आम्ही तोच आकडा स्वतःला लावून घेतलाय, आणि बहुतेक वेळा पाळतो. शिवाय कोण किती वेळा बरोबर रिपोर्ट करतो ते आम्ही नोंदवून ठेवतो. ज्याचे दहातले आठ रिपोर्ट खरे निघतात त्याची हाक आली की लगेच बघतो. ज्याचे लागोपाठ खोटे निघतात त्याला आधी निरोप, मग महिनाभर बटण बंद. बटण बंद करताना कारण लिहितो, पण चारचौघांत नाव घेत नाही, त्यांच्या इनबॉक्समध्येच.

आणि लपलेलं परत आणायची वाट पण ठेवा. हॅकर न्यूज म्हणून प्रोग्रामर लोकांची एक जुनी साइट आहे, तिथं फ्लॅग होऊन मेलेली कमेंट जुने सदस्य "ही चांगली आहे, परत आणा" असं म्हणून जिवंत करू शकतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही, पण आम्ही लिहून ठेवलंय की कमेंट काढली तर तिच्या जागी "काढली, कारण अमुक" असं दिसेल आणि लिहिणारा दुसऱ्या मॉडरेटरकडं दाद मागू शकेल, ज्यानं काढली त्याच्याकडं नाही.

आता मतांचं, म्हणजे अंगठा वर आणि अंगठा खाली. यावर मी कमी बोलते कारण यानं कमेंट मरत नाही, फक्त खाली-वर होते, म्हणून नुकसान पण कमी. तरी दोन-तीन गोष्टी आहेत.

मोजायचं कसं, हा पहिला प्रश्न. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नकोच खरं तर. सीमाप्रश्नाबद्दल आपण लहानपणापासून घरात ऐकत आलोय, खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा, लोकेच्छा बघा. तालुका धरला तर एक उत्तर येतं, खेडं धरलं तर दुसरं. माणसं तीच असतात, घटक बदलला की निकाल बदलतो. मतांचं पण तसंच. समजा एका कमेंटला ३०० वर आणि २२० खाली, आणि दुसरीला ६० वर आणि २ खाली. वजाबाकी केली तर पहिली ८० आणि दुसरी ५८, म्हणजे भांडणाची कमेंट वर बसते. टक्के काढले तर पहिली ५८ च्या आसपास आणि दुसरी ९७, म्हणजे सगळ्यांना पटलेली वर येते. पण नुसते टक्के घेतले तर एकच मत पडलेली कमेंट शंभर टक्के होऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसते. याला जुना उपाय आहे, एडविन विल्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १९२७ मध्ये काढलेलं सूत्र, आणि २००९ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटनं कमेंटच्या "बेस्ट" क्रमाला तेच वापरलं. ते विचारतं की एवढ्याच मतांवरून कमीत कमी किती टक्के लोकांना ही पटेल असं खात्रीनं म्हणता येईल. त्यानं काढलं तर पहिली ५३ आणि दुसरी ८९ ला येते. आणि पाचातली पाच मतं वर असलेली नवी कमेंट १०० वर जात नाही, ५७ ला थांबते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमवारीचे पर्याय असतील तर वजाबाकीवाला सोडून हा घ्या.

दुसरं म्हणजे पहिलं मत. २०१३ साली सायन्स मासिकात एक प्रयोग छापून आला होता, एका बातम्यांच्या साइटवरच्या लाखभर कमेंटवर केलेला. काही कमेंटना आल्या आल्या एक खोटं वरचं मत दिलं, बाकीच्यांना नाही. शेवटी त्या एका मतानं कमेंटचा गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. खोटं खालचं मत दिलं तिथं मात्र लोकांनी वर मतं देऊन ते भरून काढलं. म्हणजे माणसं मेंढरासारखी जातात ती कौतुकाच्या मागं. आपल्याकडं गावातला कुणी पुढारी येऊन अंगठा दाबून गेला की मागनं पन्नास पडतात, हे तुम्ही पण बघितलं असणार. म्हणून आम्ही पहिले बारा तास आकडा दाखवतच नाही, मत देता येतं पण किती पडली ते दिसत नाही. रेडिटवर पण मॉडरेटरला असं २४ तासांपर्यंत गुण झाकता येतात.

अंगठा खाली ठेवावा काय, यावर माझं मत मधनंच बदललंय. आधी वाटायचं ठेवावा, चुकीचा सल्ला खाली जायला पाहिजे, विशेषतः औषध फवारणीचा. नंतर बघितलं की ज्याला खालची मतं पडतात तो गप्प बसत नाही, तो आणखी लिहितो आणि आणखी वाईट लिहितो, दुसऱ्यांना पण खालची मतं देत सुटतो. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात पण हेच निघालं होतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला खाली मत द्यायला १२५ गुण कमवावे लागतात आणि देणाऱ्याचा पण एक गुण कापला जातो, म्हणजे फुकट नाही, आणि कमेंटना तर खालचं मत देताच येत नाही. यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लोकांपासून झाकला, बटण ठेवलं. आम्ही मधला रस्ता काढलाय. उत्तराला खालचं मत देता येतं, पण देताना एक ओळ कारण लिहावं लागतं, आणि गप्पांच्या कमेंटना देताच येत नाही. ज्याला औषधाच्या प्रमाणाबद्दल माहिती आहे तो लिहितोच, "लिटरला इतकं नाही, इतकं." ज्याला नुसता राग आहे तो कारण लिहायच्या आधी निघून जातो.

मत आणि रिपोर्ट कुणाला करता यावं? आमच्याकडं खातं उघडून दहा दिवस झाले पाहिजेत आणि पाच कमेंट किंवा प्रश्न लिहिलेले पाहिजेत. त्या बटाट्याच्या कमेंटवरची चार खाती याच अटीवर अडली असती. मोठा आकडा ठेवू नका, नाहीतर साधा शेतकरी, जो फक्त वाचतो आणि वर्षातनं दोनदा विचारतो, त्याला कधीच मत देता येणार नाही आणि मंच दहा बोलघेवड्यांचा होऊन बसेल.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: रिपोर्ट म्हणजे हाक, मत म्हणजे पसंती, दोन्ही वेगळी ठेवा, जाहिरात सोडून काहीही आकड्यावर लपवू नका, आणि वाचायला दोन्ही भाषांची माणसं बसवा.

राहिले तापलेले दिवस. १ नोव्हेंबर जवळ आला की एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, आणि १७ जानेवारीला हुतात्मा दिन. त्या दिवशी भाताच्या प्रश्नाखाली सुद्धा १९५६ ची राज्य पुनर्रचना निघते. मला स्वतःला या विषयाबद्दल काय वाटतं ते मंचावर मी लिहीत नाही, कारण मग माझ्या हातनं गेलेली प्रत्येक कमेंट त्या चष्म्यातनं बघितली जाईल. त्या तीन-चार दिवसांत आम्ही सीमाप्रश्नावर एकच थ्रेड उघडा ठेवतो, तिथं बोला, बाकी ठिकाणी शेतीच. त्या थ्रेडमध्ये एक माणूस दर दहा मिनिटांनी एकच कमेंट टाकू शकतो. आणि काहीही काढायचं असेल तर एक मराठी आणि एक कन्नड अशा दोघांनी "काढा" म्हटलं पाहिजे. यानं वेळ लागतो, एखादी वाईट कमेंट तासभर जास्त राहते. पण आजपर्यंत कुणी असं म्हणालं नाही की आमची बाजू दाबली, आणि ते मला त्या तासापेक्षा मोठं वाटतं. थ्रेड पूर्ण बंद करायचा एकदा प्रयत्न केला होता, सगळं भांडण बटाट्याच्या बाजारभावाखाली जाऊन बसलं.

कायद्याची भीती घालणारे पण येतात, "ॲडमिनवर केस होईल," म्हणून. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन फक्त ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला जबाबदार होत नाही. पण आपण धारवाड खंडपीठाखाली येतो, आणि तुमचा मंच म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे, म्हणून त्यावर डोळे झाकून टेकू नका, धमकी आणि जात-धर्माचा द्वेष दिसला की तासाभरात काढा आणि काढलेल्याची प्रत जपून ठेवा. नोटीस खरंच आली तर वकील गाठा, मंचावर त्याबद्दल लिहू नका. आणि कुणी तुम्हाला आयटी कायद्याचं कलम ६६अ लावतो म्हणाला तर ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय.

तुम्ही आज काय करा ते सांगते. आपोआप लपायचं सेटिंग आजच बंद करा, बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल. मग हंगाम सुरू झाल्यापासून लपलेल्या सगळ्या कमेंटची यादी काढा आणि एकेक वाचा, रिपोर्टची कारणं बघू नका, नुसती कमेंट वाचा. ज्या चुकून गेल्या असतील त्या परत लावा, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला स्वतः निरोप पाठवा की तुमची कमेंट चुकीनं लपली होती, परत लावलीय. शक्य असेल तर फोनच करा. मी त्या खानापूरच्या बाईंना फोन केला तो पंधरा दिवसांनी, आणि तोवर उशीर झाला होता. यादी मोठी निघाली तर इथंच लिहा, आमच्यातले दोघं-तिघं बसून तुमच्याबरोबर वाचू, कन्नडमधल्या कमेंट वाचायला पण आमच्याकडं माणूस आहे.